गुंठ्याला पंच्याऐंशी

सरकारी मदत मुंबईतून निघते तेव्हा कोटींत असते. जिल्ह्याला पोचेपर्यंत लाखांत येते, तालुक्याला हजारांत, आणि शेतकऱ्याच्या खात्यात पडते तेव्हा एसएमएस आला की नाही हे दोनदा उघडून बघावं लागतं. वाटेत दर वेळी कुणी डल्लाच मारतो असं नाही. (तेही होतं, त्याकडे येऊच.) बहुतेक वेळा नुसता भागाकार झालेला असतो. आपल्या राजकारणात बेरजेचे उस्ताद पुष्कळ आहेत, वजाबाकीचे त्याहून जास्त. पत्रकार परिषदेत भागाकार मात्र कुणी करत नाही. तेवढा आज आपण करू.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा आणि गोदावरी यांनी मराठवाडा-सोलापूरच्या शेतांतून आपापले नवे रस्ते काढले. दुष्काळी म्हणून ज्यांची ओळख, त्या परंडा-भूमच्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पॅकेज जाहीर केलं: ३१,६२८ कोटी रुपये. आकडा भारदस्त. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर दोन दिवस तोच फिरत होता.

आता आत डोकावू. यातले १० हजार कोटी पायाभूत सुविधांचे: रस्ते, पूल, खांब वगैरे. ते करायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण उद्या पुलाचं बिल निघेल तेव्हा ते ठेकेदाराच्या खात्यात जमा होईल आणि ‘शेतकऱ्यांना मदत’ या रकान्यात मोजलं जाईल. शिवाय विमा उतरवलेल्यांना हेक्टरी १७ हजारांच्या आसपास मिळतील, असंही सांगितलं गेलं. म्हणजे शेतकऱ्याने स्वतः हप्ता भरलेला विमा, जो विमा कंपनी देणार आणि ज्याचा हिशेब तेव्हा झालेलाही नव्हता, तोसुद्धा सरकारच्या औदार्यात बसला. गणेशोत्सवाची वर्गणी तेवढी धरायची राहून गेली.

०

पिकाचा दर बघू. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५००. मर्यादा दोन हेक्टर. हे दर २०२२ साली ठरले. त्याआधी २०१५ पासून कोरडवाहूला ६,८०० होते. सात वर्षांनी १,७०० रुपये वाढले.

हेक्टर म्हणजे शंभर आर. आर म्हणजे ढोबळमानाने गुंठा. तर कोरडवाहू गुंठ्याला पंच्याऐंशी रुपये आणि एकराला साधारण ३,४४०.

आता केंद्राचंच दुसरं दफ्तर उघडा. कृषिमूल्य आयोगाने २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा उत्पादन खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला. त्यावर पन्नास टक्के चढवून ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला आणि ‘खर्चाच्या दीडपट’ म्हणून तो भाषणांत गाजला. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन पिकवायला ३,५५२ रुपये लागतात हे सरकारच सांगतं, आणि अख्ख्या एकराचं सोयाबीन पाण्यात गेलं तर ३,४४० रुपये देतं. दोन्ही कागद खरे मानायचे तर सरकारच्या मते आपल्याकडे एकरी उत्पादन होतं ९७ किलो. हा शोध कृषी विद्यापीठांना कळवायला हवा.

राज्याने यावर स्वतःची भर घातली, ते नाकारून चालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० झाले. मर्यादा तीन हेक्टर झाली. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती आणि विधानसभेचीही. ३० मे २०२५ रोजी नवा शासन निर्णय आला आणि दर पुन्हा ८,५००, १७,०००, २२,५०० वर आले; मर्यादा दोन हेक्टरांवर आली. तोवर दोन्ही निवडणुका उरकल्या होत्या. पाऊस बेभरवशाचा आहे असं म्हणतात. निवडणुकीचं वेळापत्रक तसं नाही, ते आधी कळतं.

मग ऑक्टोबरचं पॅकेज. मर्यादा परत तीन हेक्टर आणि रब्बीच्या बियाणे-खतासाठी हेक्टरी दहा हजार वेगळे. ते धरून कोरडवाहूला १८,५००, बागायतीला २७,००० आणि फळबागेला ३२,५००. कोरडवाहूवाल्याला जानेवारी २०२४ पेक्षा जास्त मिळाले, हे मान्य. बागायतीवाल्याने नीट बघावं: तेव्हाही २७,०००, आत्ताही २७,०००. फळबागवाल्याने बघूच नये: ३६,००० चे ३२,५०० झाले. याला ऐतिहासिक पॅकेज म्हणतात, आणि इतिहासात खरोखरच याहून जास्त मिळत होतं.

०

पैसे किती हा पुढचा प्रश्न. आधी तुमचं नुकसान झालंय हे ठरलं पाहिजे, आणि ते तुम्ही ठरवायचं नसतं.

पहिली चाळणी पर्जन्यमापकाची. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. मंडळात गावं दहा-वीस, मोजणारं यंत्र एखादं. ढग तुमच्या शिवारावर फुटला आणि यंत्र बारा किलोमीटरवर कोरडं उभं असेल, तर सरकारदरबारी पाऊस झालाच नाही. यंत्राने ६४ दाखवले तर तो पाऊस ‘समाधानकारक’. २०२३ मध्ये राज्याने सततचा पाऊस हीसुद्धा आपत्ती मानली, ते चांगलं झालं. पण त्यालाही किती दिवस, रोज किती मिलिमीटर, गेल्या दहा वर्षांच्या मानाने किती, असं गणित लावलंच. पावसाने यापुढे पडताना परिपत्रक वाचून पडावं.

दुसरी चाळणी तेहेतीस टक्क्यांची. पीक तेहेतीस टक्के किंवा त्याहून जास्त गेलं तरच मदत. २०१५ पर्यंत ही अट पन्नास टक्के होती, म्हणजे सुधारणा झाली. तरी बत्तीस टक्के नुकसान झालेला शेतकरी आणि अजिबात नुकसान न झालेला शेतकरी तहसील कचेरीत एकाच रांगेत उभे असतात. दोघांनाही शून्य. उभ्या सोयाबीनला कोंब फुटलेत, शेंगा काळ्या पडल्यात. आता यातले बत्तीस टक्के कुठे संपतात आणि तेहेतीस कुठे सुरू होतात, हे बांधावरून नजरेने ओळखणारा माणूस हवामान खात्यात नाही, तो फक्त महसूल खात्यात आहे.

तिसरी चाळणी वाडवडिलांची: पैसेवारी. पूर्वी पीक आण्यांत मोजायचे, सोळा आणे म्हणजे भरघोस. पुढे आण्यांचे पैसे झाले. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर गाव टंचाईग्रस्त. बाजारात पन्नास पैशांचं नाणं भिकाऱ्याच्या ताटलीतही दिसत नाही, पण जिल्हाधिकारी कार्यालयात त्यावर अजून गावंच्या गावं तरतात नाही तर बुडतात. पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. सप्टेंबरात वाहून गेलेल्या पिकाचा अंतिम आकडा डिसेंबरात. मयताचा दाखला तेराव्यानंतर मिळण्यातला प्रकार.

ओला दुष्काळ जाहीर करा, ही मागणी तर कुठल्याच चाळणीपर्यंत पोचली नाही. तसं काही नियमावलीतच नाही, असं उत्तर मिळालं. दुष्काळाच्या सवलती मात्र लागू करू, म्हणाले. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफ. हंगाम वाहून गेलेल्याला शेतसारा माफ करणं हे औदार्य ब्रिटिशांनाही जमत होतं.

०

चाळण्या पार केल्या की पंचनामा. सीनाकाठचं कुठलंही गाव धरा. तलाठी भाऊसाहेब आलेत. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मोबाईलची बॅटरी अकरा टक्के. त्यांच्याकडे आणखी तीन गावं आहेत आणि वरून फोन आलाय की आठवड्यात संपवा.

“आप्पा, गट नंबर?”

“नंबर हाय तोच हाय, भाऊसाहेब. गट जाग्यावर न्हाई.”

“पीक कोणतं होतं?”

“सोयाबीन. वरल्या अंगाला तूर.”

“नुकसान किती टक्के लिहू?”

“आता काय सांगू? काय ऱ्हायलंय ते दाखवा, त्याचं टक्कं सांगतो.”

“असं चालत नाही. ई-पीक पाहणी केली होती का?”

“पोराच्या मोबाईलवर केली व्हती. पोरगं पुण्याला हाय.”

“बरं. फोटो घ्यायचाय. रानात उभे राहा. लोकेशन बरोबर आलं पाहिजे.”

“रान कुठाय? हितं कंबरंइतका खड्डा पडलाय.”

“मग खड्ड्यात उभे राहा.”

आप्पा खड्ड्यात उतरतात. भाऊसाहेब मोबाईल वर धरतात. नेटवर्क नाही. आप्पा खड्ड्यातच उभे. पुराबरोबर टॉवरची वीजही गेलीय, ती आल्यावर फोटो चढेल. तोवर आप्पांचं नुकसान ‘प्रलंबित’.

भाऊसाहेबांचा यात काही दोष नाही. त्यांना टक्के भरायला सांगितलेत, डोळे वापरायला नाही. खाली तिघांच्या सह्या: ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी. घाबरू नका, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकच आहेत. २०२४ आणि २०२५ मध्ये तिघांचीही पदनामं बदलली आणि गावोगावी अधिकारी वाढले. त्यासाठी कुणाला खड्ड्यात उभं राहावं लागलं नाही.

मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला तेव्हा त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी विचारलं होतं, ढेकळांचे पंचनामे करायचे का? सप्टेंबरात नदीने त्यांची अडचण दूर केली. ढेकळंच ठेवली नाहीत.

०

तेव्हा मातीकडेच वळू. पीक गेलं तर एक हंगाम जातो. माती गेली तर जमीनच जाते. सातबारा तेवढा घरात राहतो.

जमीन खरडून गेली तर हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं, असं पॅकेज सांगतं. हिशेब ट्रॉलीवाल्याच्या भाषेत करू. हेक्टरभर रानात फूटभर माती पसरायची तर १,०७६ ब्रास लागते. ४७ हजार भागिले १,०७६. ब्रासला ४४ रुपये. या पैशात माती विकत घ्यायची, जेसीबीने भरायची, ट्रॅक्टरने आणायची आणि पसरायची. अर्ध्या लिटर डिझेलमध्ये एवढी कामं करणारा ट्रॅक्टर अजून बाजारात आलेला नाही. आला की त्यावर अनुदान जाहीर होईलच.

वरचे तीन लाखही धरले तर ब्रासला ३२२ रुपये होतात. रोजगार हमीची राज्यातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे एका माणसाने एका दिवसात ब्रासभर माती खणून, वाहून, पसरून द्यायची आणि वर दहा रुपये वाचवायचे. त्यातून डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. रानात माती येण्याआधी योजनेच्या पाटीवर नवं नाव आलं.

आणि ही माती गेली कुठे? खालच्या शिवारात. तिथे तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८ हजार. वरच्याला माती गेली म्हणून मदत, खालच्याला माती आली म्हणून मदत. दोघांची गाठ घालून द्यावी असं कलम मात्र कुठे सापडत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या मंडळांत आहेत.

०

जनावरांचं दरपत्रक असं: दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००. केंद्राच्या निकषात तीनच दुधाळ जनावरांना पैसे होते. म्हणजे चौथी म्हैस स्वतःच्या जबाबदारीवर वाहून जायची. ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये राज्याने ती अट काढली. बरं केलं.

पण म्हैस ३७,५०० ला मिळते कुठे, तेही सांगावं. दिवसाला बारा-चौदा लिटर दूध देणारी मुऱ्हा कुठल्याही बाजारात लाखाच्या पुढे जाते. निकषाला जात कळत नाही, वेत कळत नाही, दूध कळत नाही. सगळ्या म्हशी सारख्या. समता आली ती अशी, गोठ्यातून.

शिवाय कान हवा. जून २०२४ पासून कानात बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराची राज्यात खरेदी-विक्री करता येत नाही, आणि आपत्तीत दगावलेल्या जनावराच्या भरपाईलाही तो बिल्ला लागतो. नियम वाईट नाही, बोगस दावे रोखायला काही तरी हवंच. फक्त पुरात म्हैस जाते तेव्हा कान मागे ठेवून जात नाही. सरकारने म्हटलं, मोबाईलवर काढलेले फोटोही पुरावा म्हणून चालतील. रात्री दोन वाजता पाणी गोठ्यात शिरतं. दावं सोडायचं, म्हातारीला माळवदावर चढवायचं, की म्हशीचा बिल्ल्यासकट क्लोज-अप घ्यायचा, याचं प्रशिक्षण कृषी विज्ञान केंद्रांनी द्यायला हरकत नाही.

अमेरिकेत गुरं पाळणाऱ्यांसाठी वेगळी योजना आहे. वादळात, थंडीत, पुरात जनावर मेलं तर त्याच्या बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळते, आणि तो भाव जनावराचा प्रकार आणि वजन बघून दर वर्षी ठरतो. तिथले शेतकरी फार सुखात आहेत असंही नाही. २०२३ आणि २०२४ च्या नुकसानीचा पैसा त्यांच्या संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आणि पिकांच्या मोठ्या योजनेचे अर्ज सुरू झाले जुलै २०२५ मध्ये. उशीर तिथेही आहे. पण उशिरा का होईना, गाय बाजारभावाने मोजतात. आपण ती अधिसूचनेने मोजतो आणि शिवाय उशीर करतो.

०

विम्याचं काय झालं? २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीकविमा आणला. लाखो बोगस अर्ज आले. कुणी सरकारी जमिनीवर विमा उतरवला, कुणी न पेरलेल्या पिकावर. चोर पकडायचे सोडून सरकारने २०२५ च्या खरिपापासून योजनाच बदलली. हप्ता पुन्हा खरिपाला दोन टक्के, नगदी पिकांना पाच. तेही समजू शकतो. पण त्याच फटक्यात स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं, ही भरपाईची चारही दारं बंद केली. उरला एकच रस्ता: पीक कापणी प्रयोग. मंडळातल्या काही शेतांत पीक कापून सरासरी उत्पन्न काढायचं आणि ते ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली आलं तरच सगळ्यांना भरपाई.

मे महिन्यात ही दारं बंद झाली आणि सप्टेंबरात पूर आला. जे पीक वाहून गेलं, त्याचा कापणी प्रयोग. कोयता घेऊन नदीत उतरायचं.

त्याच शरद ऋतूत अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या खात्यात विम्याचे तीन रुपयांपासून एकवीस रुपयांपर्यंत जमा झाले. त्यांनी ते चेकने परत केले. पालघर जिल्ह्यात एकाला २ रुपये ३० पैसे आले. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ही थट्टा असल्याचं म्हणत चौकशीचे आदेश दिले. रक्कम ठरवणारं सूत्र केंद्राच्या योजनेचं, योजना कृषिमंत्र्यांच्या खात्याची. आपल्याच दुकानातल्या मालावर आपणच छापा घातल्याचं हे उदाहरण जपून ठेवण्यासारखं आहे.

०

समजा, सगळं पार पडलं. रक्कम मंजूर. दिवाळीच्या आत देऊ असं वचन होतं. आता ती खात्यात यायची तर यादीत नाव हवं, नावापुढे विशिष्ट क्रमांक हवा, त्यावर सेतू केंद्रात जाऊन अंगठा हवा. ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना ऑक्टोबरमध्ये केवायसीतून सूट मिळाली. बाकीच्यांनी दिवाळीतला एक दिवस सेतूवाल्याला द्यायचा. तिथे कोयत्याने घासलेला अंगठा यंत्राला पटत नाही आणि सर्व्हरला सुटी असते.

सातबारा सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र, बॉण्डवर. चार भाऊ, दोन बहिणी; एक सुरतेला, एक सासरी अबोल्यात. अडीच एकरांची पिकाची मदत साडेआठ हजार, तिचे वाटेकरी सहा. बॉण्ड, झेरॉक्स आणि एसटीचं भाडं वजा जाता जे उरतं, त्यात भाऊबंदकी मात्र पूर्ववत होते.

आणि ज्याने खरोखर पेरलं, तो? गावात निम्म्याच्या बोलीवर नाही तर ठोक्याने दुसऱ्याची जमीन करणारे थोडे नाहीत. बियाणं त्याचं, खत त्याचं, उसनवारी त्याची, फवारणीचा पंप पाठीवर त्याच्या. सातबारा मालकाचा. मालक हिंजवडीत बैठकीत बसलेला असतो. मोबाईल वाजतो, खात्यात अनुदान जमा. तो बघतो आणि क्षणभर विचारात पडतो की हे कशाचे आले. कसणाऱ्याला एसएमएस येतो तो कृषी सेवा केंद्रवाल्याचा, उधारी कधी देता म्हणून.

खात्यात आलेली रक्कम कर्जाला वळती करू नका, असे आदेश जिल्हाधिकारी दर वर्षी बँकांना काढतात. दर वर्षी काढावे लागतात, यातच सगळं आलं.

ज्यांना यातलं काहीच नडत नाही अशी एक जमात आहे. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधींचा घोटाळा निघाला. जमीन नसलेल्यांच्या नावावर पैसे गेले, काहींना दुबार गेले. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. बघण्यासारखी गोष्ट अशी, की खऱ्या शेतकऱ्याला अडवणाऱ्या सगळ्या चाळण्या या मंडळींनी एकही कागद न अडता पार केल्या. नियम कडक आहेत म्हणून चोरी थांबते असं कुणाला वाटत असेल तर त्याने अंबडला जाऊन यावं. नियम कडक असतात ते नियम पाळणाऱ्यासाठी.

०

पैसा आणायचा कुठून, ही अडचण खरी आहे. तीही शेतकऱ्यानेच सोडवली. सप्टेंबरअखेर मंत्री समितीने ठरवलं की साखर कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १५ रुपये घ्यायचे: दहा मुख्यमंत्री सहायता निधीला, पाच पूरग्रस्त शेतकऱ्यांना. ओरड झाली. मग खुलासा आला की हे पैसे शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून नाहीत, कारखान्याच्या नफ्यातून आहेत. कारखान्याचा नफा शेतकऱ्याच्या उसावाचून कसा होतो, यावर वेगळा खुलासा लागेल. करमाळ्याच्या बुडालेल्या उसाला माळशिरसच्या उभ्या उसाने मदत करायची. टनामागच्या पंधराच्या तीन वाट्यांतला एक, म्हणजे पाच, बुडालेल्याला. दोन वाटे मुख्यमंत्र्यांच्या निधीला.

आणि धाराशिवला गेलेल्या मदतीच्या पिशव्यांवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांचे फोटो होते. पुरात सगळे कागद वाहून गेलेल्या माणसाच्या घरात फोटोचा एकच पुरावा शिल्लक राहिला, तोही दात्याचा.

०

यावर उपाय अवघड नाही, आणि तो सरकारच्या घरातच आहे. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला असतो. जानेवारीत आणि जुलैत तो नव्याने बघितला जातो. थोडा उशीर झाला तर फरकासकट मिळतो. त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, पॅकेज जाहीर होत नाही, पिशवीवर फोटो लागत नाही. कर्मचाऱ्यांना ते मिळतं यात गैर काही नाही, मिळायलाच हवं. पिकाच्या मदतीचा दर तसाच कृषिमूल्य आयोगाच्या खर्चाला बांधा. आयोग दर हंगामाला खर्च काढतोच. हमीभावाच्या जाहिरातीला तो आकडा चालतो, मग भरपाईला का चालत नाही? आणि पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला नाही, पेरणाऱ्याला द्या. ई-पीक पाहणीत तेवढा एक रकाना वाढवायचाय.

हे अवघड वाटत असेल तर उलटं करून बघू. मंत्रालयातल्या वरिष्ठांचे पगार फक्त एक वर्ष आपत्तीच्या निकषांनी काढू. महिन्यात तेहेतीस टक्क्यांहून कमी काम झालं तर पगार नाही. तेवढं झालं असेल तर तिघांच्या सहीचा पंचनामा. खुर्चीत बसलेला फोटो, लोकेशनसकट. दर २०२२ चा. घर सामाईक नावावर असेल तर भावांचं संमतीपत्र. अंगठा उमटला नाही तर पुढच्या यादीत. महिन्याचा पगार दिवाळीच्या आत देण्याचा सरकारचा प्रयत्न राहील.

संप पहिल्याच आठवड्यात होईल. तो मिटवायला मंत्रिमंडळ त्याच रात्री बसेल, आणि पर्जन्यमापक किती दाखवतोय हे त्या रात्री कुणी विचारणार नाही.